ड दर्जाचा स्रोत

कचेरीत तिला तोंडावर ‘मॅडम’ म्हणत आणि पाठ वळली की ‘पोचपावती’. हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा तिला थोडा अभिमानच होता. अमली पदार्थविरोधी खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, देवाणघेवाण कक्ष होता. कक्ष म्हणजे चार टेबलं, एक लोखंडी कपाट आणि खाली बादली ठेवलेला एक एसी. इथून परदेशांतल्या अशाच चार टेबलांच्या खोल्यांना कळवायचं, की अमुक बोटीवर तमुक माल चढलाय, जरा बघून घ्या. आणि तिकडून आलेलं इकडच्या माणसांपर्यंत पोचवायचं. तस्करांना म्हणे सरहद्दी आडव्या येत नाहीत. या खोलीला मात्र सगळंच आडवं यायचं: भाषा, सुट्ट्या, घड्याळं, आणि सगळ्यांत जास्त ती स्वतः.

पाठवलेल्या कागदाची पोच आल्याशिवाय ती टेबल आवरत नसे. पोच आली की पोच मिळाल्याची पोच ती उलट पाठवायची. बाकीचे देश याला वैतागत. एकच टेबल वैतागत नसे: समुद्रापलीकडच्या एका बंदरातलं सात नंबरचं. तिथे एक बाई बसत असावी असा हिचा अंदाज होता, कारण ते टेबल कधी काही विसरत नसे. सहा वर्षं दोघींचं रोज बोलणं होत होतं, ‘तीन नंबरकडून सात नंबरला’ आणि ‘सात नंबरकडून तीन नंबरला’. नाव विचारायचं राहूनच गेलं होतं. नमुन्यात तो रकानाच नव्हता. दर वर्षाअखेरीला सात नंबर एक कॅलेंडर पाठवायची, त्यांच्या बंदराच्या चित्रांचं. ते हिच्या स्वयंपाकघरात लागायचं. दोन देशांमधल्या सहा वर्षांच्या स्नेहाची एवढीच काय ती उधळपट्टी.

दोघींमध्ये एकदाच वितुष्ट आलं होतं, छत्र्यांवरून. इकडून माहिती गेली होती की छत्र्यांच्या दांड्यांत माल आहे. सात नंबरच्या माणसांनी साडेनऊ हजार छत्र्या एका गोदामात उघडून बघितल्या. एकीतही काही निघालं नाही. उघडलेल्या छत्र्यांचा फोटो तिकडच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आला. त्यानंतर दोन्ही देशांनी मिळून नियम केला: माहिती देणाऱ्याला दर्जा द्यायचा. अ म्हणजे पूर्ण भरवशाचा, ब बऱ्यापैकी, क जेमतेम, आणि ड म्हणजे ज्याच्यावर विसंबू नये असा. ड दर्जाची माहिती एकटी समुद्र ओलांडणार नाही. तेच सांगणारा दुसरा, पहिल्याशी संबंध नसलेला स्रोत मिळाला तरच ती जाईल, आणि तरच कंटेनर उघडला जाईल. नियमाचा मसुदा कोणी केला होता, हे सांगायला नकोच.

तर त्या मंगळवारी सकाळी सात नंबरकडून निरोप आला. मजकूर नेहमीसारखा कोरडा. गुरुवारी तुमच्या बंदरातून आमच्याकडे फरश्यांचा एक कंटेनर उतरतो आहे. या निर्यातदाराचा माल याआधी दोनदा तपासला. कुत्र्यांना काही लागलं नाही, क्ष-किरणांत फरश्यांशिवाय काही दिसलं नाही. मात्र आठ आठवड्यांपूर्वी आमच्याकडे टपालाने एक निनावी पत्र आलं आहे. त्यातल्या चित्रात या निर्यातदाराचं नाव आहे, बाकी मजकूर तुमच्या भाषेत असल्यामुळे ते आमच्या तीन खात्यांत फिरून, पाकीट हरवून, आता माझ्यापर्यंत आलं. दोन विनंत्या: एक, भाषांतर. दोन, या निर्यातदाराबद्दल तुमच्याकडे दुसऱ्या कोणाची माहिती आहे का? कंटेनर शुक्रवारी दुपारी मालकाच्या ताब्यात द्यावा लागेल.

तिने पत्राचं चित्र उघडलं, आणि हातातला चहाचा कप नेमका कुठे ठेवावा हे तिला काही वेळ सुचेना.

अक्षर बाबांचं होतं.

बाबांना जाऊन तेवीस दिवस झाले होते. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. तेराव्या दिवसापासून ती कामावर येत होती आणि सगळ्यांना ‘मी ठीक आहे’ असं इतक्या वेळा सांगत होती, की त्याचाही एक नमुना छापून घ्यावा असं तिच्या मनात येऊन गेलं होतं.

बाबा एकतीस वर्षं बंदरातल्या वजनकाट्यावर कारकून होते. ट्रक काट्यावर चढायच्या आधीच त्याचं वजन सांगायचे आणि फार तर गोणीभराने चुकायचे. निवृत्तीनंतर त्यांनी सुतारकाम आरंभलं. जन्मात कधी रंधा हातात न धरलेला माणूस, पण भंगारवाल्याकडून मालाखालची लाकडी पॅलेटं आणायचे आणि त्यांच्या फळ्या सुट्या करून स्टुलं, फडताळं, काय वाटेल ते करायचे. पहिल्या तीन स्टुलांवर बसण्याची हिंमत फक्त आईने केली. चौथं मात्र जमलं. ते स्वयंपाकघरात कायमचं राहिलं.

पाच महिन्यांपूर्वी त्याच स्टुलावर बसून ती जेवत होती. बाबा समोर उभे राहून म्हणाले होते, “मॅडम, एक बातमी आहे.” ती घरात कचेरीच्या सुरात बोलली की ते तिला मॅडम म्हणत, आणि ती घरात बहुतेक कचेरीच्याच सुरात बोलत असे.

“बोला.”

“पॅलेटला खिळे असतात. मशीनने ठोकलेले. चार दिवसांनी फेकायची वस्तू, तिला स्क्रू कोण लावेल?”

“कोण?”

“हा फरश्यावाला. त्याच्या गोदामामागून आलेलं एक पॅलेट होतं, तडकलेलं. उचललं तर अंदाजापेक्षा हलकं. वरखालच्या फळ्यांमधल्या ठोकळ्यांना स्क्रू. एक ठोकळा सोडवला, तर आतून पोकळ, वर लाकडाचंच बूच. तुम्ही लोक माल तपासता. माल ज्याच्यावर बसतो ते कोण तपासतं?”

“बाबा, तुम्हाला आता सगळीकडे लाकूडच दिसतं.”

“तो ठोकळा तू बसलीयेस त्याच्याखाली आहे. आधाराला लावलाय. वाकून बघ.”

ती वाकली नाही. दिवसभर वाकून पाठ धरली होती, हे एक. आणि दुसरं असं, की सहा वर्षं परक्या देशांकडून बातम्या घेणाऱ्या बाईला आपल्याच स्वयंपाकघरातून बातमी मिळावी, हे तिला कुठेतरी हलकं वाटलं. ती म्हणाली, “लेखी द्या.”

त्यांनी लेखी दिलं. तिने आणून दिलेला नमुना त्यांनी दोन दिवस लावून, पट्टीने रेघा मारत भरला. तिने तो रीतसर नोंदवला: नोंद क्रमांक एकशे अठरा. देणाऱ्याचं नाव लखोट्यात, लखोटा साहेबांच्या कपाटात. मग दर्जाचा रकाना आला. तिथे तिचं पेन अडलं. वडील म्हणून झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, यासाठी तिने आधी क लिहायचं ठरवलं. मग कोणी म्हणण्याची शक्यतासुद्धा राहू नये म्हणून ड लिहिला. त्या दिवशी आपण किती निःपक्षपाती आहोत या विचाराने ती घरी जाताना दोन बसथांबे चालत गेली होती.

बाबांनी पुढे दोनदा विचारलं होतं. पहिल्यांदा, “माझ्या कागदाचं काय झालं?” दुसऱ्यांदा, “काही नाही तर नाही, पोच तरी दे.”

“ड दर्जाला पोच देत नाहीत,” ती म्हणाली होती.

“म्हणजे मी ड?”

“तसा नियम आहे, बाबा.”

“बरं, मॅडम,” ते म्हणाले होते, आणि फळीला पॉलिशपेपर मारायला लागले होते.

आता ती टेबलाशी बसून त्यांच्या पत्राचं भाषांतर करत होती. पत्र चौदा ओळींचं होतं. पॅलेट म्हणजे काय, ठोकळे किती, कुठल्या ठोकळ्यांना स्क्रू, पोकळी किती बोटं खोल, सगळं काट्यावरच्या पावतीसारखं. खाली पॅलेटचं चित्र आणि निर्यातदाराचा शिक्का जसाच्या तसा उतरवलेला. शेवटी सही नव्हती, नुसतं ‘एक निवृत्त काटेवाला’. बाराव्या ओळीपर्यंत तिचं काम सुरळीत चाललं. तेरावी ओळ अशी होती: ‘माझी मुलगी याच कामात आहे, तिला सांगितलं, तिने नियमाप्रमाणे केलं, ती बरोबर आहे, पण माझं वय नियमासाठी थांबणारं नाही, म्हणून थेट लिहितो.’

ती ओळ तिने गाळली. तपासाशी संबंध नाही, असं कारण स्वतःला दिलं. मग डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं करून एसीखालची बादली ओतून आली. ती बादली ओतणं तिच्या कामात कधीच नव्हतं. खोलीतल्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

साहेबांच्या निवृत्तीला एक वर्ष बाकी होतं आणि छत्र्यांचा फोटो त्यांच्या अजून स्वप्नात येत असे. त्यांनी भाषांतर वाचलं, नोंदवही मागवली, बोट फिरवत खाली आले आणि एकदम खूश झाले.

“आहे की आपल्याकडे! एकशे अठरा. हाच निर्यातदार, हेच ठोकळे, हेच स्क्रू. तिकडे एक पत्र, इकडे एक नोंद. झाले दोन स्रोत. द्या पाठवून.”

“साहेब, ते दोन नाहीत.”

“एक आणि एक अजून दोनच होतात ना?”

“माणूस एकच आहे.”

“तुम्हाला कसं माहीत? नाव तर लखोट्यात आहे.”

“लखोटा मीच चिकटवला होता.”

साहेबांनी नोंदवही मिटली. “कोण आहे?”

“बाबा.”

साहेब तेवीस दिवसांपूर्वी घरी येऊन गेले होते, खुर्चीच्या टोकाला बसून, पाण्याचा पेला तसाच धरून. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि त्यांना जे सगळ्यांत आधी सुचलं ते विचारलं. “म्हणजे तुम्ही स्वतःच्या वडिलांना ड दिलात?”

“पक्षपात दिसू नये म्हणून.”

“अहो, क तरी द्यायचा!”

तिने नोंदवही स्वतःकडे ओढली.

“आणि हे तुम्ही आत्ता बोलला नसतात, तर मला कळलंही नसतं. कोणालाच कळलं नसतं. कंटेनर उघडला असता.”

“हो.”

“मग बोललात कशाला?”

दोन्ही कागद एकाच हाताचे असताना ते दोन म्हणून पाठवले असते, तर सात नंबरने डोळे मिटून विश्वास ठेवला असता. सहा वर्षांत तिने कमावलेलं ते एवढंच होतं. आणि बाबांचं म्हणणं खरं निघालं असतं तरी ते खोट्यावर उभं राहून खरं निघालं असतं. काट्यावर पाय ठेवून वजन वाढवणाऱ्या हमालांना बाबा एकतीस वर्षं खाली उतरवत आले होते.

“साहेब, मला दोन तास द्या,” ती म्हणाली. “दुसरा स्रोत आहे. माणूस नाहीये.”

“मग काय आहे?”

“स्टूल.”

साहेबांनी तिच्याकडे असं बघितलं, की तिला वाटलं आता रजेचाच अर्ज पुढे करतात. पण ते म्हणाले, “या. टॅक्सीने जा.”

दार उघडलं तेव्हा आईच्या हातात मटारची शेंग होती. “अगं, या वेळी? बरं नाही का?”

“बरी आहे. आई, तू कशावर बसली होतीस?”

“बसते कशावर! स्टुलावर.”

“ते मला न्यायचंय. कचेरीत.”

आई स्वयंपाकघरात गेली आणि परत स्टुलावर बसली. मटारची परात मांडीवर घेतली. “कचेरीत खुर्च्या नाहीत?”

तिने सगळं सांगितलं. नोंद, लखोटा, ड, सगळं. आई शेंगा सोलत ऐकत होती. परातीतल्या शेंगा संपल्या तरी बोटं चालूच होती.

“यांनी तुला खाली बघ म्हणून सांगितलं होतं,” आई म्हणाली. “मी इथेच होते. तू म्हणालीस, लेखी द्या.”

“हो.”

“पाच महिने त्याच्यावर बसून जेवलीस.”

“हो, आई.”

“बाहेर शोधत फिरतेस जगभर.”

जे बोलायचं ते ती गेले दोन तास स्वतःला बोलतच होती, आणि आईपेक्षा पुष्कळ जास्त लागेल असं.

“त्यांनी तिकडे पत्र पाठवलं, हे तुला माहीत होतं?”

“मीच टाकलं. पत्ता त्या कॅलेंडरवरून उतरवला.” आईने भिंतीकडे मान केली. भिंतीवर सात नंबरचं बंदर होतं, या महिन्याचं, धक्क्यावर एक पिवळी क्रेन. “रजिस्टर केलं. यांना म्हटलं, पोचपावती मागवा, कोणाचे बाप आहात.”

“आली?”

आई उठली. टीव्हीच्या मागे हात घालून तिने एक गुलाबी कार्ड काढलं. त्यावर परदेशी शिक्का होता आणि कोणाची तरी लफ्फेदार सही. “पंधरा दिवसांत आली. चार दिवस ज्याला त्याला दाखवत होते. गॅसवाल्यालासुद्धा. तुला दाखवणार होते. म्हणाले, नको, तिला वाटेल मी तिला डावलून गेलो.”

तिने कार्ड उलटसुलट करून बघितलं. सही होती, मिळाल्याची तारीख होती. सगळं नियमाप्रमाणे होतं.

“मोडणार का ते?” आईने विचारलं.

“नाही. खालचा ठोकळा सोडवतील. पण स्टूल मात्र राहील तिकडे. पुरावा म्हणून.”

“किती दिवस?”

खोटं बोलायला ही वेळ बरी होती. पण सकाळपासून खरं बोलण्याची सवय लागली होती. “खटला संपेपर्यंत.”

आईने स्टुलावर हात फिरवला. धुळीचा कण नव्हता, तरी पदराने पुसलं. मग स्टूल स्वतःच उचलून दारापर्यंत आणलं. “एक पाय आखूड आहे. त्यांना सांग, खाली घडी करून कागद घालायचा. नाहीतर हलतं.”

टॅक्सीत तिने स्टूल मांडीवर घेतलं. टॅक्सीवाल्याने आरशातून दोनदा बघितलं. दुसऱ्यांदा तीच म्हणाली, “महत्त्वाचा साक्षीदार आहे.” टॅक्सीवाल्याने उरलेला रस्ता आरशात बघितलं नाही.

प्रयोगशाळेतले रसायनवाले गृहस्थ बारमाही सर्दीचे. त्यांनी स्टूल उलटं केलं आणि नाक पुसलं. “याच्यावर बसतं कोण?”

“घरातले सगळे.”

“किती दिवस?”

“पाच महिने.”

“मॅडम, तुम्हीच आम्हाला परिपत्रक पाठवता ना, पुराव्याला हात लावू नका म्हणून?”

“हो. मीच पाठवते.”

“नाही, खात्री करून घेतली.” त्यांनी स्क्रू सोडवले. ठोकळा हातात आला. बूच चिमट्याने काढून ते बघत राहिले. “हे कोणीतरी काढून परत बसवलंय. हात नवशिका आहे, पण काम स्वच्छ.” मग त्यांनी कापसाचा बोळा आत फिरवला. “उद्या सकाळी सांगतो.”

बुधवारी सकाळी अहवाल आला. बाहेरून साबण, तेल, मीठ आणि पॉलिश. आतून, बुचाखाली, जिथे पाच महिन्यांत कोणाचा हात पोचला नव्हता, हेरॉइनचे अंश. स्टुलाला नातेवाईक नव्हते, त्याला पक्षपात माहीत नव्हता, आणि ते दोनदा विचारलं तरी तेच सांगणार होतं. साहेबांनी नमुन्यावर लिहिलं: स्रोत क्रमांक दोन, वस्तू, दर्जा अ. सही केली आणि म्हणाले, “बघा, आयुष्यात पहिल्यांदा अ दिला, तो फर्निचरला.”

भाषांतर, नोंद आणि अहवाल तिने अकरा वाजता पाठवले. निवृत्त काटेवाला आणि नोंद एकशे अठरा हा एकच माणूस आहे, तो एकच स्रोत धरावा, असंही लिहिलं. सव्वाअकराला उत्तर आलं. पोच नव्हती. एक ओळ होती: ‘मूळ पत्रात चौदा ओळी आहेत, भाषांतरात तेरा. अपूर्ण भाषांतरावर कंटेनर उघडता येत नाही. कृपया राहिलेली ओळ पाठवावी.’

भाषा येत नसलेल्या पत्राच्या ओळी मोजणारी बाई जगात एकच असेल, आणि तिची सवय इतकी बिघडवली कोणी, हेही उघड होतं. तिने तेरावी ओळ लिहिली. मुलगी, नियम, वय, सगळं. खाली जोडलं: ‘ओळ तीन नंबरने गाळली होती. सदर मुलगी म्हणजे तीन नंबर.’ पाठवायचं बटण दाबायला तिला जेवणाची सुट्टी होईपर्यंत वेळ लागला.

तिकडून बराच वेळ काही आलं नाही. मग आलं: ‘पोच मिळाली. भाषांतर पूर्ण. कंटेनर उतरला की उघडतो.’

गुरुवार बोटीची वाट बघण्यात गेला. त्या दिवशी तिने जुन्या फायली लावल्या, कपाटाचं बिजागर घट्ट केलं, दोघांना विनाकारण रागावली आणि एकाला विनाकारण रजा दिली. साहेब दर तासाला दाराशी येऊन ‘काही?’ विचारायचे आणि ती ‘काही नाही’ म्हणायची. चार वाजता ते म्हणाले, “फरश्यांचा फोटो छत्र्यांइतका वाईट दिसणार नाही, नाही?” तिने मान हलवली. फोटोची तिला काळजी नव्हती. बाबा एकतीस वर्षं गोणीभराने चुकायचे. या वेळी तेवढंही चुकलेलं तिला नको होतं.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला निरोप आला. एकवीस पॅलेटं. पहिल्या पंधरांना खिळे. आमच्या साहेबांनी काम थांबवायला सांगितलं होतं. मी थांबवलं नाही, कारण पत्रात चौदा ओळी होत्या आणि त्यांतली एकही वायफळ वाटली नाही. उरलेल्या सहांना स्क्रू. सहांचे मिळून चोपन्न ठोकळे, चोपन्नही पोकळ. आत बावीस किलो. पोकळीची खोली पत्रात लिहिल्याप्रमाणे. तुमच्याकडच्या गोदामावर आजच जावं.

त्याखाली, नमुन्यात न बसणारी अशी एक ओळ होती: ‘वडिलांना माझा नमस्कार कळवावा. त्यांच्या पत्राला पोच दिली होती, पण उत्तर द्यायला आठ आठवडे उशीर झाला, त्याबद्दल दिलगीर आहे.’

गोदामावर माणसं रवाना झाली. साहेबांनी पेढ्यासारखा चेहरा करून सगळ्यांना स्वतःच्या हाताने चहा दिला. तिने उत्तर लिहायला घेतलं. ‘नमस्कार कळवते’ असं लिहिलं, खोडलं. ‘वडील वारले’ असं लिहिलं, खोडलं. शेवटी लिहिलं: ‘स्रोत आता उपलब्ध नाही. उशीर आमच्याकडून पाच महिन्यांचा झाला आहे. आपल्या आठ आठवड्यांचं मनावर घेऊ नये.’ अर्ध्या मिनिटात पोच आली. त्यानंतर पुन्हा एकदा पोच आली. सात नंबरने सहा वर्षांत एकाच कागदाला दोनदा पोच कधी दिली नव्हती.

संध्याकाळी ती लवकर घरी आली. आई स्वयंपाकघरात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर अवघडून बसली होती. तिने पर्समधून दोन कागद काढून ओट्यावर ठेवले.

“हे काय?”

“ही स्टूल घेतल्याची पावती. जपून ठेव, परत घेताना लागेल.”

“आणि हे?”

“नोंद एकशे अठराची पोच.”

आईने चष्मा लावला. कागद खिडकीशी नेऊन वाचला. अमुक तारखेस आपण दिलेली माहिती मिळाली. तपासाअंती ती खरी आढळली. तिने दोनदा वाचलं, मग बोट एका ठिकाणी ठेवलं.

“यात दर्जा ड लिहिलाय अजून.”

“तो बदलायचा तर स्रोताला समोर बसवून पुन्हा प्रश्न विचारावे लागतात.”

“मग विचार ना मला. मी होते की इथे.”

नियमात हे कुठेच नव्हतं. नियमात हे का नाही, याचाही विचार कोणी केला नव्हता, म्हणजे तिनेच केला नव्हता. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

“माहिती देणाऱ्याने ठोकळा स्वतः सोडवला होता?”

“माझ्यासमोर. बोट कापलं होतं.”

“त्यांनी याआधी कधी खोटी माहिती दिली होती?”

“तुझ्या लग्नाच्या स्थळांबद्दल? पुष्कळदा.”

“आई.”

“वजनाबद्दल कधीच नाही.”

तिने पेन काढलं. सहा वर्षांत तिच्या हातून कागदावर खाडाखोड झाली नव्हती. चुकलं की ती नवा नमुना घ्यायची. तिने ड वर एक आडवी रेघ मारली, बाजूला नवं अक्षर लिहिलं, आणि खाडाखोडीशेजारी लागते तशी आद्याक्षराची सही केली.

आईने वाकून बघितलं. “ब?”

“अ साठी तीन बातम्या खऱ्या ठराव्या लागतात. त्यांची एकच आहे.”

“बापालासुद्धा पैकीच्या पैकी द्यायची नाहीस तू.”

“तसा नियम आहे, आई.”

“बरं, मॅडम,” आई म्हणाली.

ती म्हणाली आणि दोघी एकदम गप्प झाल्या, कारण तो शब्द या घरात एकाच माणसाचा होता. मग आईला हसू आलं. आधी तिला, मग हिला. आईने डोळे पुसत पोच उचलली, टीव्हीजवळ नेली, आणि गुलाबी कार्डाच्या शेजारी, सरळ दिसेल अशी उभी करून ठेवली.